बोरीकाठचे किल्ले आणि बारीक टायर

दिवाळीनंतर रस्ते कोरडे होतात आणि खान्देशातून सायकलीबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांनी बोरी, पांझरा आणि तापीकाठच्या किल्ल्यांबद्दल विचारलं आहे.

प्रश्न : नवी रोड सायकल घेतली आहे, टायर ७०० बाय २५ (म्हणजे २५ मिलिमीटर रुंद). धुळ्याहून निघून पारोळा, बहादरपूर आणि अमळनेर हे बोरी खोऱ्यातले तीन किल्ले एका दिवसात पाहायचे आहेत. आधी कुठे जावं? (एक वाचक, धुळे)

उत्तर : आधी अमळनेर, मग बहादरपूर, शेवटी पारोळा. बहुतेक जण उलट जातात, कारण पारोळ्याचा महामार्ग चौपदरी आणि सरळ आहे. पण हिवाळ्यात सकाळी साडेसहा-सातला त्या रस्त्यावर सूर्य थेट डोळ्यांत येतो. तो तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत येतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला पुढची सायकल दिसत नाही. अमळनेरचा रस्ता ईशान्येला जातो, त्यामुळे ऊन उजव्या अंगाला राहतं. अमळनेरहून पारोळ्याकडे दक्षिणेला येताना ते डावीकडे असतं. पारोळ्याहून धुळ्याला वळाल तोवर सूर्य चांगला वर आलेला असतो.

सगळा फेरा शंभर किलोमीटरच्या आसपास होतो. ताशी वीसचा वेग धरला तर पाच तास पॅडल मारायचं आणि दोन तास किल्ल्यांवर. सहाला निघालात तर एक-दीडपर्यंत घरी पोहोचाल. अमळनेरला किल्ल्यात गावच वसलेलं आहे. दरवाजा आणि तटाचे भाग पाहून नदीत उतरा, सखाराम महाराजांची समाधी तिथेच आहे. पारोळ्याचा भुईकोट १७२७चा मानतात. तो जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला. त्याला खंदक आहे आणि तो ऐन वस्तीत आहे, तेव्हा बाजाराच्या गर्दीत सायकल हातात धरून चाला. पारोळ्याचं नाव झाशीच्या नेवाळकर घराण्याशी (राणी लक्ष्मीबाईंच्या सासरशी) जोडलेलं आहे, म्हणून तिथे जरा जास्त वेळ ठेवा.

पारोळ्याहून परतताना महामार्गाच्या अगदी कडेची पट्टी टाळा. फुटलेल्या ट्रक टायरच्या केसासारख्या तारा तिथे साचतात. पांढऱ्या रेषेच्या जवळून चला.

प्रश्न : तीन रविवारी पाच पंक्चर. नवी ट्यूब टाकली तरी दोन किलोमीटरवर पुन्हा हवा गेली. टायर खराब आहे का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : टायर बहुधा ठीक आहे, काटा अजून आत आहे. बांधावर कुंपणाला बाभळीच्या काट्या लावतात, शेळ्यांसाठी फांद्या तोडतात, आणि त्यातलं बरंच रस्त्यावर सांडतं. बाभळीचा काटा आत घुसला की बाहेरचा भाग घासून तुटतो आणि दोन-तीन मिलिमीटरचं टोक रबरात राहतं. बोट फिरवून ते लागत नाही. हवा भरून ट्यूब दाबली गेली की मग ते टोचतं.

यावर इलाज आपल्याच शेतात आहे. कापसाचा एक छोटा बोळा घ्या आणि टायरच्या आतून सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. जिथे टोक असेल तिथे कापसाचा धागा अडकून ओढला जातो. मग उलट दिशेने दुसरी फेरी मारा, कारण तिरपा घुसलेला काटा एका दिशेने फिरवताना निसटतो. जागा सापडली की टायर तिथे वाकवा, टोक वर येईल. ते चिमट्याने उपटा, नखाने ढकलून आत घालू नका.

हे काम सोपं व्हावं म्हणून टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्व्हसमोर ठेवा. ट्यूबचं भोक सापडलं की ते वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरवरची जागा लगेच कळते. शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर तो काटा नाही. हवा कमी असताना खड्ड्यात रिम आपटली आणि ट्यूब मध्ये चिमटली. तिथे काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

ठिगळ लावताना घाई नडते. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिशपेपरने घासा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. बोट लावल्यावर ओलं लागलं तर अजून थांबा. ओल्यावर चिकटवलेलं ठिगळ उन्हात सुटतं. सोल्युशनची नळी एकदा फोडली की आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत आतल्या आत सुकते, म्हणून पिशवीत न फोडलेली नळी ठेवा.

आता टायरबद्दल. २५ मिलिमीटरच्या जागी २८चा घाला, फ्रेम आणि ब्रेक परवानगी देत असतील तर. दोन्ही बाजूंना आणि वर किमान चार मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. सत्तर किलोच्या माणसाला २८च्या टायरमध्ये मागे ८० ते ८५ आणि पुढे ७५ पीएसआय (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) पुरते. काटा रुंद टायरमध्येही घुसतो, त्यामुळे आत संरक्षक पट्टा असलेला टायरच घ्या. ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घालायचं तर वॉल्व्हचा गाभा निघणारी ट्यूब हवी. पण ८० पीएसआयच्या वर सीलंट भोक बुजवण्याऐवजी बरंचसं बाहेर फेकलं जातं, त्याच्या भरवशावर निघू नका.

दोन ट्यूब, टायर काढायच्या तीन लिव्हर, ठिगळाचा संच, पंप, आणि जुन्या टायरचा ३ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा एवढं सोबत हवंच. टायर फाटला तर तो तुकडा आतून लावून घरापर्यंत येता येतं.

प्रश्न : गावोगावी सायकलची दुकानं आहेत. मग एवढं सामान का वाहायचं? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : गावातला मिस्त्री ठिगळ उत्तम लावेल, कदाचित तुमच्यापेक्षा चांगलं. पण त्याच्याकडचा टायर २८ बाय दीडचा असतो. तो ६३५ मिलिमीटरच्या रिमचा, तुमची रिम ६२२ची. तो बसणारच नाही. त्याची ट्यूब दुमडून कोंबायची म्हटलं तर तिचा वॉल्व्ह आठ मिलिमीटरचा आणि तुमच्या रिमचं भोक साडेसहाचं. भोक मोठं करायला देऊ नका, रिम कायमची कमजोर होते. त्याच्या पंपाने तुमच्या बारीक वॉल्व्हमध्ये हवा भरता यावी म्हणून एक पितळी अडॅप्टर मात्र नक्की जवळ ठेवा. वीस-तीस रुपयांच्या वस्तूवाचून अडकायला होतं.

प्रश्न : नदीकाठच्या तटापर्यंत सायकल नेताना चाकंच फिरेनाशी झाली. जानेवारीत पाऊस नसताना चिखल कुठून आला? (एक वाचक, शिंदखेडा)

उत्तर : पाटाचं पाणी. पांझरा खोऱ्यात बंधारे आणि फडांची (शेतांच्या गटांना पाळीने पाणी देण्याची) जुनी पद्धत आहे. रब्बीत रात्री पाणी सोडलं की ते गाडरस्त्यावर येतं आणि सकाळी वरून नुसतं काळं, गुळगुळीत दिसतं.

काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरला थरावर थर चढतात. रिम ब्रेकच्या सायकलीत टायर आणि ब्रेकमधली जागा चार-पाच मिलिमीटर असते, ती वीस-तीस फुटांत भरते. इथे खरी चूक होते. चाक जड झालं म्हणून माणूस जोर लावून पॅडल मारतो. चिखलात गुंतलेली साखळी मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) ओढते आणि तो फ्रेमला जिथे जोडलेला असतो तो हँगर वाकतो किंवा तुटतो, कधी डिरेलर थेट आऱ्यांत जातो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. तो ना धुळ्यात लगेच मिळेल ना जळगावात. सायकल घेतानाच एक जादा मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाका.

चाक अडलं की थांबा. ढकलू नका, उचला. ब्रेकची कळ उघडा, काडीने चिखल ओला असतानाच काढा, वाळला तर विटेसारखा होतो. साखळी आणि डिरेलरच्या दोन्ही छोट्या चाकांवर बाटलीतलं थोडं पाणी टाका, फडक्याने पुसा, मगच पॅडल फिरवा. घरी आल्यावर साखळीला तेल द्या आणि वरचं तेल पुसून टाका, नाहीतर धूळ बसते.

फरशी पुलाबद्दलही सांगून ठेवतो. वरून बोटभर पाणी वाहत असेल तरी उतरा. फरशीवर शेवाळ असतं आणि बारीक टायर काही कळायच्या आत सरकतो. फरशी दिसतच नसेल तर मागे फिरा.

प्रश्न : तापीकाठचा थाळनेरचा किल्ला एका दिवसात होईल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : जाऊन-येऊन सव्वाशेच्या घरात जातं. पाय असतील तर होईल, पण करू नका. शिरपूरला मुक्काम ठेवा. आग्रा रोडने जाताना वाटेत सोनगीर लागतं. गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं आणि किल्ला गावालगतच आहे. सावळद्याला तापी ओलांडून उत्तर काठाने थाळनेर गाठा.

या जागेला घाईत पाहणं अन्याय आहे. १३७०च्या सुमारास मलिक राजाला थाळनेरची जहागीर मिळाली आणि खान्देशातली फारुकी सत्ता इथून उभी राहिली. त्या घराण्याच्या कबरी गावाजवळ आहेत, त्यातली अष्टकोनी कबर आणि तिच्यावरचं कोरीवकाम सावकाश पाहा. १८१८मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा किल्लेदार तुळशीराम यांना फाशी दिलं. तटाखालचा तापीचा काठ पाण्याने चिरलेला आहे, तिथे कडेला जाऊ नका आणि सायकलही टेकवून ठेवू नका.

प्रश्न : पाणी आणि खाणं किती? (एक वाचिका, चोपडा)

उत्तर : हिवाळ्यात तासाला अर्धा लिटर, फेब्रुवारीनंतर पाऊण ते एक. दुसऱ्या बाटलीत लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तासाला दोन केळी पुरतात. कळण्याची भाकरी आणि भरीत घरी परतल्यावर खा, मध्येच खाल्लं तर पुढचे तीस किलोमीटर पोट जड राहतं. मार्चच्या मध्यानंतर दहाच्या आत घरी या. एप्रिल-मेमध्ये लांबचा बेत आखूच नका.

प्रश्न : लळिंगचा किल्ला चढायला कोणते बूट? (एक वाचक, साक्री)

उत्तर : तळव्यात बुडालेल्या छोट्या क्लीटचे (क्लीट म्हणजे बूट पॅडलला अडकवणारा तुकडा), ज्यावर चालता येतं. रोडच्या मोठ्या प्लास्टिक क्लीटने मुरमाड वाटेवर पाय घसरतो आणि क्लीट एका फेरीत झिजतं. तसे बूट नसतील तर साधे कॅनव्हासचे बूट आणि सपाट पॅडल. सायकल पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओट्यावर विचारून ठेवा, आणि पुढचं चाकही कुलपात घ्या.