डावी कड आधी

तुझा मेसेज दोनदा वाचला. ‘डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर सहा-सहा (6/6), म्हणजे उत्तम, लिहून दिलंय, मग मी दाराच्या चौकटीला का आपटतो? दुसरा चष्मा करून बघू का?’

नको करूस. पैसे जातील ते जातील, पण आणखी दोन महिने तू चष्म्याच्या भरवशावर बसशील, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

डोळे तुझे खरंच चांगले आहेत. गाठ काढली ती मेंदूच्या मागच्या भागातून, उजव्या ऑक्सिपिटल लोबमधून. दोन्ही डोळ्यांनी टिपलेलं डावीकडचं अर्धं दृश्य तिथेच उमटतं. एक डोळा झाकून बघ, मग दुसरा. डावीकडचं दोन्ही वेळा गायबच. याला हेमिअनोपिया म्हणतात. यातली खोडी अशी, की गेलेल्या भागात काळं दिसत नाही. मेंदू भिंतीचा रंग पुढे ओढतो आणि भिंत अख्खी असल्याचं भासवतो. काळा पडदा दिसला असता तर तू आपणहून वळून बघितलं असतंस. पडदा नाही म्हणून वळत नाहीस, आणि वळत नाहीस म्हणून चौकट लागते.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, सूज उतरते तसा, थोडा भाग परत येऊ शकतो. सहा महिन्यांनंतर सहसा फारसं हलत नाही. तुझे पाच झाले. आशा मोडते म्हणून माझ्यावर घरचे लोक चिडतात. चिडू देत. ‘थोडं थांबू, बघू’ असं मीही एके काळी सांगत असे आणि त्या सांगण्यात पोरांचे सरावाचे महिने गेले. आता मी ते सांगत नाही.

तेव्हा एकच धर: डावी कड आधी. खोलीत शिरलास, आधी डावी भिंत. टेबलाशी बसलास, आधी टेबलाची डावी कड. ताट समोर आलं तरी तेच. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडेच वाढतात. तुझ्या ताटात ते तसंच उरत असेल आणि आई म्हणत असेल, तोंडाची चव गेली पोराची. चव कुठे गेली नाही, बाबा.

बहुतेक जण चुकतात ते नजर नेण्यात. ते डावीकडे बारीक बारीक उड्या मारत जातात, मध्येच काही सापडलं की तिथेच थांबतात. तसं नाही. एकच मोठी उडी, कडेच्याही पलीकडे पडेल अशी, आणि मग तिथून सावकाश उजवीकडे परत. आधी डोळे, मागून मान. नुसती मान वळवून डोळे समोरच ठेवलेस तर कष्ट जास्त, उपयोग कमी.

सराव असा कर. 1 ते 20 आकडे बोटभर उंचीचे लिहून भिंतीवर दोन हात रुंदीत विस्कटून चिकटव. निम्म्याहून जास्त डावीकडे असू देत. मीटरभर लांब बस, डोकं स्थिर ठेव. भावाने आकडा पुकारायचा, तू शोधायचास. वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि लागलेला वेळ वहीत. आठवड्याने कागदांच्या जागा बदला, नाहीतर जागा पाठ होतात आणि सुधारल्यासारखं उगाच वाटतं. मग तेच उभं राहून, मग चालता चालता. कंटाळवाणं आहे. कर.

तू परीक्षा देणार आहेस, म्हणून वाचनाचं नीट ऐक. डावी बाजू गेलेल्याला दोन गोष्टी नडतात. ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात हुकते, आणि शब्दाचं पहिलं अक्षर गळतं. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?’ यातला ‘अ’ तू खाल्लास की उत्तर बरोबर उलटं. 2,500 चे 500 होतात. पानाच्या डाव्या कडेला बोटभर रुंद लाल पट्टी लाव. ती लाल दिसेपर्यंत ओळ वाचायला घ्यायचीच नाही. खालच्या ओळी झाकायला एक जाड कार्ड. उत्तरपत्रिकेत प्रश्नाचा क्रमांक डावीकडे असतो. गोल काळा करण्याआधी प्रत्येक वेळी त्या क्रमांकावर बोट. प्रत्येक वेळी म्हणजे शंभराव्या प्रश्नालाही. डावी कड आधी.

संगणकावर ठिपके बघून गेलेली नजर परत आणून देतो म्हणणारे भेटतील. त्याला भक्कम पुरावा नाही, फी मात्र भक्कम असते. प्रिझमचं वेगळं. चाळीस डायॉप्टर ताकदीच्या फ्रेनेल पट्ट्या, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या पातळ पट्ट्या, चष्म्याच्या डाव्या काचेवर, मधला भाग मोकळा सोडून वर आणि खाली चिकटवतात. त्याने डावीकडचं वीसेक अंशांतलं दृश्य उजवीकडे सरकून दिसायला लागतं. पण प्रतिमा एकमेकींवर चढतात, सवय व्हायला वेळ जातो, पट्टी कळकट होते. नजर न्यायची सवय लागल्यावर घे. आधी घेतलीस तर कपाटात पडून राहील.

रस्ता ओलांडताना पहिल्या अर्ध्यात वाहनं उजवीकडून येतात, ती तुला दिसतात. खरा धोका मध्यापासून पुढे, तिथे ती डावीकडून येतात. दुभाजकावर थांब, पुन्हा बघ. शिवाय उलट्या दिशेने येणारे बाइकवाले आहेतच, त्यांना कायदा नाही. सोबतच्याने तुझ्या डावीकडून चालायचं. वर्गात खोलीच्या डाव्या टोकाला बस, म्हणजे सगळे उजवीकडे येतात.

गाडीचं विचारलंस. नाही, डावं अर्धं दिसत नसताना नाही. शिवाय लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये फिट्सबद्दल सरळ प्रश्न आहे. तिथे खोटं लिहू नकोस.

डावीकडे नक्षी, चेहरे दिसतात हे आईला सांगायची लाज वाटते म्हणालास. वेड नाही ते. काही येत नाही म्हणून मेंदू स्वतःच चित्रं काढतो. पण दर वेळी तेच रंगीत गोळे, काही सेकंदच, असं असेल तर ती फिट असू शकते, न्यूरॉलॉजिस्टला सांग. चिडचिड लेव्हेटिरॅसिटॅमनेही, म्हणजे फिट्सच्या गोळीनेही होते. त्यांना सांगून बदलता येतं, पण स्वतः एक गोळीही चुकवायची नाही. सकाळची डोकेदुखी वाढत जाऊन उलट्या, ताप, जखमेतून पाणी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

फील्ड टेस्ट, म्हणजे नजर कुठे पोचते आणि कुठे नाही हे मोजणारी तपासणी, पुन्हा कर, पण सकाळी, झोप झालेली असताना. थकलेल्या माणसाचा रिपोर्ट भरवशाचा नसतो. नजरेचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, वाचलाय की गेलाय हे रिपोर्टवर स्पष्ट लिहून घे. दिव्यांगत्व मोजायच्या नियमांत त्याने फरक पडतो. चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर लेखी परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मागता येतात. अर्ज करायला लाजू नकोस.

पुढच्या मेसेजमध्ये वहीचा फोटो पाठव, दोन आठवड्यांच्या वेळा लिहिलेला. चष्म्याच्या दुकानाचा नको.