विशेष भत्त्यावरचा पीएफ राहिला, तर फरक कोणी भरायचा?

प्रश्न : ऐरोलीतल्या विनाअनुदानित शाळेत मी पगारपत्रक करते. शिक्षकांना 22,000 मिळतात : मूळ 9,000, विशेष भत्ता 5,000, घरभाडे 6,000, प्रवास 2,000. पीएफ फक्त मूळ वेतनावर कापतो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेमुळे काय बदलायचे? मागचा फरक शिक्षकांच्या पगारातून वळता करा, असे संस्थाचालक म्हणतात.

उत्तर : फरक शिक्षकांकडून कापू नका. पीएफ योजनेच्या परिच्छेद 32 नुसार कर्मचाऱ्याचा हिस्सा ज्या महिन्याचा, त्याच महिन्याच्या पगारातून कापता येतो. नजरचुकीने राहिला असेल तर निरीक्षकाच्या लेखी संमतीने नंतर कापता येतो. पण वर्षानुवर्षे ठरवून कमी कापणे ही नजरचूक ठरणे अवघड. तेव्हा दोन्ही हिस्से संस्थेच्या अंगावर येतात, वर 12 टक्के व्याज आणि नुकसानभरपाई.

हा फरक नव्या संहितेने निर्माण केलेला नाही. सरसकट सगळ्यांना मिळणाऱ्या भत्त्यावर पीएफ लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितले, आणि तिथेही प्रश्न शाळेच्या विशेष भत्त्याचाच होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने पळवाट आणखी बुजवली : घरभाडे, प्रवास अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणून विशेष भत्त्याचे नाव बदलून तो घरभाड्यात घालण्यात अर्थ नाही.

तुमच्या शिक्षकाचे पीएफ वेतन 14,000 (मूळ 9,000 अधिक विशेष भत्ता 5,000). कपात 1,080 ऐवजी 1,680. संस्थेच्या 1,680 पैकी 1,166 पेन्शनला, 514 पीएफला. हातातला पगार 600 ने कमी होईल. ते शिक्षकांना आधी लेखी कळवा. संस्थेचा वाढीव हिस्सा मात्र त्यांच्या पगारातून वसूल करता येत नाही. वेतन 15,000 च्या वर गेले तरी सक्तीची कपात 1,800 वरच थांबते.

सॉफ्टवेअरमध्ये विशेष भत्त्याला ‘पीएफ लागू’ करा. ईसीआरमध्ये, म्हणजे पीएफच्या मासिक विवरणपत्रात, एकूण वेतन 22,000 आणि पीएफ वेतन 9,000 शेजारी शेजारी दिसतात. तपासणीत बोट तिथेच ठेवले जाते. वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झालेल्यांचा पेन्शन हिस्सा बंद करून तो पीएफकडे वळवा. 15,000 पेक्षा जास्त वेतनावर नव्याने आलेल्या शिक्षकाला पीएफमधून वगळण्यापूर्वी जुना यूएएन (पीएफ सदस्याचा कायम क्रमांक) आहे का, ते फॉर्म 11 वर, म्हणजे रुजू होतानाच्या घोषणापत्रावर, पाहा. आधीच्या नोकरीतला सदस्य वगळता येत नाही.

मागचा फरक महिनावार, नावानिशी मांडा आणि नोटीस येण्याआधी वाशीच्या पीएफ कार्यालयात लेखी देऊन भरा. नोकरी सोडून गेलेल्या शिक्षकांची नावेही त्यात हवीत. तो पैसा त्यांचाही आहे.