फॉन्ट इन्स्टॉल केलाय तरी एका सॉफ्टवेअरच्या यादीत दिसत नाही, का?
बहुतेक वेळा फॉन्ट फक्त तुमच्या युजर अकाउंटपुरता इन्स्टॉल झालेला असतो आणि ते सॉफ्टवेअर बघतं सिस्टीमच्या फोल्डरमध्ये. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून साधं इन्स्टॉल केलं की फाइल तुमच्या अकाउंटच्या ॲपडेटा फोल्डरच्या आत जाऊन बसते, विंडोजच्या मुख्य फॉन्ट्स फोल्डरमध्ये नाही, त्यामुळे फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ घ्या आणि सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. मॅकवरही युजरची लायब्ररी वेगळी, सगळ्यांची वेगळी. लिनक्सवर टर्मिनलात एफसी-लिस्ट (fc-list) ही इन्स्टॉल झालेले फॉन्ट दाखवणारी कमांड चालवा, खरी यादी तीच. फक्त कोडमधून फॉन्ट मागत असाल तर फाइलचं नाही, फॅमिलीचं नाव (म्हणजे फॉन्टचं यादीत दिसणारं नाव) द्या, कारण टाइम्स न्यू रोमनची फाइल विंडोजवर नुसती टाइम्स डॉट टीटीएफ असते.