फर्स्ट इयरला आलायस ना, मग हे आधी वाच
अरे, सगळ्यात आधी एक सांगतो, नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे अभ्यास नाही. मीपण पहिलं सेमिस्टर तेच केलं, अख्ख्या पानावर पिवळा हायलायटर फिरवायचो आणि वाटायचं सगळं येतंय, पेपर हातात आला की डोकं कोरं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये यावर प्रयोग केला होता, पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे! म्हणून लेक्चर झालं की संध्याकाळी वही बंद कर, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग वही उघडून राहिलेलं लाल पेनाने भर. ते लाल दिसतंय ना, तोच तुझा उद्याचा अभ्यास. तेच दोन दिवसांनी परत, मग आठवड्याने परत, एका रात्रीत सगळं कोंबू नकोस.

झोप मोडू नको प्लीज, वाचलेलं पक्कं व्हायचं बरंचसं काम झोपेत होतं.

मोबाईल दुसऱ्या खोलीत, सायलेंटवर टेबलावर नको, हात जातोच.

आणि अडलं तर सरांना, मॅडमना विचार, पण नुसतं 'समजलं नाही' म्हणू नकोस, 'तिसऱ्या स्टेपपर्यंत कळलं, पुढे हे चिन्ह का बदललं' असं विचार, मग ते पण मनापासून सांगतात. पहिल्यांदा लाज वाटेल, मलापण वाटली होती, तरी जाच.