'घन', 'धन' आणि 'स्थायू': सॉलिड इलेक्ट्रोलाइटला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: सोडियम-आयन बॅटऱ्या अधिक सुरक्षित व्हाव्यात म्हणून त्यांत द्रवाऐवजी सॉलिड इलेक्ट्रोलाइट (दोन इलेक्ट्रोडमध्ये बसून आयनांना वाट देणारा पदार्थ) वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत, त्याबद्दल मराठीत लिहायचं आहे. 'घन विद्युत अपघटनी' लिहावं, 'स्थायू विद्युत विच्छेद्य' लिहावं, की इंग्रजीतलंच नाव ठेवावं?

माझं उत्तर 'स्थायू इलेक्ट्रोलाइट'. निम्मं मराठी, निम्मं परकं म्हणून कुणी नाक मुरडेल, मुरडू द्या. दोन्ही निम्म्यांची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी 'घन'. हा शब्द वाईट नाही, पण त्याच्या मानेवर आधीच फार जोखडं आहेत. घनता, घनफळ, घनमूळ, घन सेंटीमीटर, शिवाय कवितेतला पावसाळी घन वेगळाच. एरवी संदर्भावरून अर्थ कळतो, पण या विषयात तोही आधार सुटतो. सोडियम थायोफॉस्फेट नावाचा एक सल्फाइड पदार्थ आहे. 2012 साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की त्याची क्युबिक स्फटिकरचना टिकवून धरली, तर नेहमीच्या तापमानालाही त्यातून सोडियम आयन चांगले वाहतात. आता क्युबिकलाही मराठीत 'घनीय'च म्हणतात. म्हणजे वाक्य होणार: 'घनीय रचनेचा घन विद्युत अपघटनी'. वाचणारा तिथेच अडखळला तर दोष त्याचा नाही.

दुसरी अडचण अक्षराची आहे आणि मला ती जास्त खुपते. 'घन' आणि 'धन' यांत फरक किती? 'ध'च्या माथ्यावर छोटीशी गाठ असते आणि तिथे शिरोरेषा तुटते, 'घ'ची रेषा सलग जाते. मोबाइलच्या बारीक टायपात हा फरक डोळ्यांना जाणवतही नाही. बॅटरीवरच्या लेखात धन इलेक्ट्रोड, धन प्रभार, धन आयन हे पावलोपावली येणारच. त्यांच्या शेजारी 'घन इलेक्ट्रोलाइट' आला की एका ठिकाणी तरी 'धन इलेक्ट्रोलाइट' छापलं जातं, आणि दोन्ही शब्द मराठीत शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणारी आज्ञावलीही हू की चू करत नाही.

'स्थायू'ला यांतलं काहीच नाही. स्थायू, द्रव, वायू ही त्रयी मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या तोंडी बसलेली आहे. हा शब्द दुसऱ्या कुठल्या कामाला जुंपलेलाही नाही.

आता 'विद्युत अपघटनी' (अपघटन म्हणजे विघटन) आणि 'विद्युत विच्छेद्य'. मायकेल फॅरडेने 1834 मध्ये इलेक्ट्रोलाइट हा शब्द रूढ केला, तो ज्याचं विजेच्या प्रवाहाने विघटन होतं अशा पदार्थांसाठी. त्यातला 'लाइट' प्रकाशाचा नव्हे, तो सुटणं, सैल होणं या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला. त्या दृष्टीने 'विच्छेद्य' हा शब्द घडवणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. भेद्य, द्राव्य तसा विच्छेद्य, म्हणजे ज्याचा विच्छेद होऊ शकतो तो. मूळ शब्दाला इतका इमानी प्रतिशब्द क्वचित मिळतो.

अडचण अशी की पदार्थच पुढे निघून गेला. हल्लीच्या द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये सोडियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटसारखा क्षार कार्बोनेट प्रकारच्या द्रावकात विरघळवलेला असतो. तिथे क्षाराचे आयन सुटे होतात, तेवढ्यापुरता 'विच्छेद्य' शोभतो. (तो द्रावक पेट घेणारा असतो, आणि सुरक्षिततेचा सगळा खटाटोप मुख्यतः त्यापायीच आहे.) सिरॅमिक किंवा सल्फाइड स्थायूमध्ये मात्र असं काही सुटत नाही. नॅसिकॉन हा सिरॅमिक पदार्थ घ्या. झिर्कोनियम, सिलिकॉन, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांची एक ताठ चौकट असते, तिच्यात एकमेकांना जोडलेल्या पोकळ्या असतात, आणि एका पोकळीतून दुसरीत उड्या मारत जातो तो फक्त सोडियम. चौकट जागची हलत नाही. मोडत तर नाहीच. मोडली तर तो बिघाड समजतात. बरेचसे सल्फाइड सोडियम धातूला टेकताच मोडू लागतात आणि संशोधक त्यावर उपाय शोधत बसतात. म्हणजे त्यांना हवी आहे ती अपघटन न होणारी अपघटनी! शब्द पदार्थाचं काम सांगत नसेल तर एक वेळ चालेल, पण नेमकं उलटं सांगत असेल तर तो त्या जागी नको.

मग 'आयनवाहक' का नको? मोह मलाही होतो. नॅसिकॉन हे नावच 'सोडियम सुपर आयनिक कंडक्टर' याचं आखूड रूप आहे. हाँग, गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये हे पदार्थ जगापुढे आणले. पण इलेक्ट्रोडच्या पदार्थांतूनही आयन वाहतात. इलेक्ट्रोलाइटचं वेगळेपण यात की तो आयनांना वाट देतो आणि इलेक्ट्रॉनांना अडवतो. अडवलं नाही तर बॅटरी आतल्या आतच रिकामी होईल. 'आयनवाहक' हे झालं वर्णन, आणि तेही अर्धं. पहिल्या उल्लेखाला पुस्ती म्हणून ते जरूर जोडा, नाव म्हणून नको.

तसं पाहिलं तर या क्षेत्रात चुकीची नावं टिकून राहण्याची रीतच आहे. बीटा-अॅल्युमिना हा सोडियमचा नावाजलेला स्थायू इलेक्ट्रोलाइट. 1967 मध्ये फोर्ड कंपनीच्या संशोधकांनी त्यातली आयनांची जलद ये-जा दाखवली आणि 300 ते 350 अंश सेल्सिअसला चालणाऱ्या सोडियम-सल्फर बॅटऱ्या त्यावर उभ्या राहिल्या. नाव पडलं तेव्हा तो अॅल्युमिनाचाच एक प्रकार वाटला होता. त्यात सोडियम असावाच लागतो हे मागाहून कळलं, नाव तेच राहिलं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण या लेखात हमखास घोटाळा होईल अशी जोडी म्हणजे धनाग्र आणि ऋणाग्र. शाळेत आपण अॅनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणायला शिकलो. विद्युत अपघटनाच्या घटात ते बरोबरही आहे. बॅटरी वापरात असताना मात्र अॅनोड ऋण असतो आणि कॅथोड धन. इंग्रजी मजकुरातल्या अॅनोडला डोळे मिटून 'धनाग्र' लिहिलंत तर आख्खी बॅटरी उलटी बसेल. सरळ 'धन इलेक्ट्रोड' आणि 'ऋण इलेक्ट्रोड' लिहा. चार्ज करताना आणि वापरताना, दोन्ही वेळा ही नावं खरी राहतात. ऋण इलेक्ट्रोडसाठी वापरतात त्या हार्ड कार्बनला 'कठीण कार्बन' करू नका, एवढंच.

'सुरक्षित'च्या आधी 'अधिक' हवंच, आणि कशापासून तेही लिहा. सिरॅमिक इलेक्ट्रोलाइट पेटत नाही, पॉलिमरचा पेटू शकतो. सोडियम थायोफॉस्फेटसारख्या सल्फाइडला दमट हवा लागली तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. सिरॅमिकच्या कणांमधल्या सांध्यांतून सोडियमचे बारीक तंतू वाढत पलीकडे पोचले तर शॉर्ट सर्किट व्हायचं ते होतंच. या तंतूंना 'डेन्ड्राइट' म्हणतात; एकदा सांगून पुढे 'तंतू' पुरे.

राहता राहिलं व्याकरण. इलेक्ट्रोलाइट पुल्लिंगी चालवावा: तो इलेक्ट्रोलाइट, अनेकवचनही तेच. 'इलेक्ट्रोलाइटातून' कानाला खटकतं, 'इलेक्ट्रोलाइटमधून' बरं. 'स्थायू' सुटा आला की शेवटचा ऊ दीर्घ, समासात मात्र ऱ्हस्व: वायू पण वायुरूप, तसं स्थायू पण स्थायुरूप. त्यामुळे 'ऑल सॉलिड-स्टेट बॅटरी'ला 'पूर्ण स्थायुरूप बॅटरी' म्हणता येईल.