घड्याळ तीनशे मीटरचं, पण कधीचं?

प्रश्न: शेजारचे निवृत्त तारवटी (खलाशी) आपलं जुनं रोलेक्स सबमरीनर (मॉडेल १६६१०) विकताहेत. डायलवर ३०० मीटर लिहिलंय. कोलव्याला समुद्रात पोहताना चालेल ना? घेताना काय बघू?
– वाचक, मडगाव

उत्तर: ते ३०० मीटर (किती खोल पाण्यापर्यंत टिकेल तो आकडा) नव्या घड्याळाचे. पाणी अडवणाऱ्या रबरी चकत्या, म्हणजे गॅस्केट, वर्षांनी ताठर होतात, मग आपल्या पावसाळ्यातली दमट हवासुद्धा आत शिरते. आधी गॅस्केट बदला, हवेच्या दाबाची चाचणी करा, पोहणं नंतर. काचेच्या आतून वाफ दिसली तर घड्याळ त्याच दिवशी उघडायला द्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका.

बाजूची चावी फिरवून बघा. आटे अडखळले किंवा ती पूर्ण बसली नाही, तर ती ज्या नळीवर बसते ती ट्यूबसुद्धा बदलावी लागते. सेकंदकाटा सेकंदाला आठ बारीक पावलं टाकतो. टक्‌टक् उडत असेल तर माल नकली. पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावा, त्यावर लिफ्ट अँगल ही सेटिंग ५२ ठेवा. डायलची बाजू वर ठेवून अँप्लिट्यूड (आतल्या बॅलन्स चाकाचा झोका) २५० अंशांखाली आलं, तर सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करा. पट्टा काढून सहाच्या आकड्याच्या बाजूचा सिरियल नंबर कागदांशी जुळवा. या मॉडेलच्या शेवटच्या काही वर्षांतल्या घड्याळांत तो काचेखालच्या कड्यावर असतो. पॉलिश मारून गुळगुळीत केलेली केस (घड्याळाची धातूची बाहेरची पेटी) मात्र आम्ही टाळूच.