अठरा हजारांचे ग्राफिक्स कार्ड: आकडे दुसऱ्याच्या मशीनचे, खेळ तुमच्या मशीनवर

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी एकत्र मांडतो. तुमच्याकडे आय३-१०१००एफ प्रोसेसर, एच४१० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, '४५० वॉट' असे छापलेला साधा पॉवर सप्लाय आणि ६० हर्ट्‌झचा फुल एचडी मॉनिटर आहे. सध्याच्या जीटी ७१० या कार्डावर जीटीए ५ देखील धड चालत नाही. अठरा हजारांच्या मर्यादेत जळगावच्या दुकानदाराने आरएक्स ६५०० एक्सटी सुचवले, मित्र आरटीएक्स ३०५० घे म्हणतो, आणि नाशिकला वापरलेले आरएक्स ६६०० मिळते आहे. यूट्यूबवर तिन्ही कार्डांचे सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रे, म्हणजे फ्रेम) पाहून तुमचा गोंधळ वाढला आहे.

निर्णय आधी सांगतो. पॉवर सप्लाय बदलायचा नसेल तर ३०५० ची ६ जीबी आवृत्ती घ्यावी. सप्लायसाठी वेगळे पैसे काढता येत असतील आणि नाशिकचे वापरलेले कार्ड समोर चालवून पाहता येत असेल, तर ६६०० हे या तिघांत सरळसरळ वरचढ आहे. ६५०० एक्सटी मात्र तुमच्या मदरबोर्डावर घेऊ नये, मग दुकानदार आणखी हजार रुपये कमी करो.

६५०० एक्सटीबद्दल इतके ठाम बोलण्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या या कार्डात ४ जीबी मेमरी, ६४ बिटचा मेमरी बस (मेमरीकडे जाणारा मार्ग) आणि पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्डाला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या स्लॉटच्या) चारच लेन आहेत. कार्डाची स्लॉट-पट्टी लांबीला पूर्ण दिसते, पण डेटा चार लेनांतूनच जातो. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये या चार लेनांतून सेकंदाला सुमारे ८ जीबी डेटा जाऊ शकतो. तुमचा एच४१० तिसऱ्या पिढीचा असल्यामुळे तिथे हाच वेग सुमारे ४ जीबीवर येतो. खेळाचा सर्व डेटा कार्डाच्या मेमरीत मावतो तोवर याचा फारसा त्रास होत नाही. पण टेक्स्चर (खेळातील पृष्ठभागांवरची चित्रे) 'हाय' केले आणि ४ जीबी भरली, की उरलेला डेटा सिस्टीमच्या रॅममधून याच अरुंद वाटेने ये-जा करू लागतो आणि खेळ अडखळतो. ज्या चाचण्या तुम्ही पाहिल्या, त्यांतील बऱ्याच चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर घेतलेल्या असतील, म्हणून त्यांत हा अडथळा दिसत नाही. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही. म्हणजे खेळ रेकॉर्ड करायचा झाला तर तो भारही तुमच्या चार कोअरच्या प्रोसेसरवरच पडेल.

३०५० घेताना नावावर विसंबू नका. २०२२ चे ३०५० हे ८ जीबी, १२८ बिट, २५६० कूडा कोअर (एनव्हिडियाच्या चिपमधील गणना करणारे भाग) आणि १३० वॉटचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने आलेले कार्ड ६ जीबी, ९६ बिट, २३०४ कोअर आणि ७० वॉटचे आहे. दोन्हींचा वेग सारखा नाही, पण खोक्यावरचे ठळक अक्षर एकच असते, आणि ८ जीबीच्या चाचण्या दाखवून ६ जीबीचे कार्ड विकणारे दुकानदार कमी नाहीत. तरीही तुमच्यासाठी मी ६ जीबीचेच सुचवतो आहे, कारण ते बहुतेक मॉडेलांत स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागते, वेगळी वायर लागत नाही, आणि त्यात डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून वेग वाढवणारे तंत्र) व एन्कोडर दोन्ही आहेत. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) जवळजवळ अनिवार्य आहे. तो पर्याय तुमच्या मदरबोर्डाच्या बायोसमध्ये (मूळ सॉफ्टवेअरमध्ये) नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता पॉवर सप्लाय, कारण आपल्याकडे बजेट कार्डाचा घात बहुधा इथे होतो. कॅबिनेटची बाजू उघडून सप्लायवरचे लेबल वाचा आणि '४५० वॉट' हा मोठा आकडा सोडून १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा. तिथे १६ असेल, तर त्या लाइनवर १९२ वॉटच मिळतात. ६६०० ला १३२ वॉट आणि तुमच्या प्रोसेसरला ६५ वॉट धरले, तर पंखे आणि हार्ड डिस्क मोजण्याआधीच ही मर्यादा ओलांडली जाते. ६६०० ला ८ पिनची वायर लागते. ती सप्लायमधून थेट निघत नसेल तर मोलेक्सचे (जुन्या हार्ड डिस्कच्या वायरीचे) कन्व्हर्टर लावून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. जळगाव जिल्ह्यातल्या तुमच्या चोपडा भागात वीज कशी येते-जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवा मंद होऊन पुन्हा उजळतो त्या क्षणी चांगला सप्लाय मशीनला सांभाळून घेतो, हलका सप्लाय मशीन रीस्टार्ट करतो, आणि दोष मात्र कार्डाला लागतो.

चाचणी वाचताना सरासरी एफपीएसपेक्षा '१ टक्का लो' (सर्वांत संथ १ टक्का फ्रेमांचा एफपीएस) हा आकडा महत्त्वाचा माना. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. सरासरी ७० असूनही मधूनच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद घेत असेल, तर हाताला जाणवतो तो झटका तिचाच असतो. मात्र दोन वेगळ्या चॅनेलांचे हे आकडे एकमेकांशी ताडू नका, कारण कोणी सर्वांत संथ १ टक्का फ्रेमांची सरासरी काढतो, तर कोणी फक्त त्यांची सीमारेषा सांगतो. त्याखेरीज परीक्षक मुद्दाम महागडा प्रोसेसर वापरतात, म्हणजे कार्डाची पूर्ण ताकद दिसावी. तुमच्या आय३ वर व्हॅलोरंटसारख्या खेळात ३०५० आणि ६६०० यांच्यातील फरक बराचसा पुसला जाईल. तो उठून दिसेल फोर्झा होरायझन ५ किंवा सायबरपंक २०७७ यांत.

म्हणून कार्ड हाती आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी स्वतःच तपासा. आधी जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा आणि कोअरची संख्या, मेमरी, बसची रुंदी आणि लेन पडताळून घ्या. कार्डाचे बायोस बदलून नव्या नावाने विकलेली जुनी एनव्हिडिया कार्डे हे सॉफ्टवेअर बहुधा नावापुढे 'फेक' लिहून पकडते. मग आफ्टरबर्नर व रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर लावून पडद्यावर जीपीयूचा (कार्डावरील मुख्य चिपचा) वापर, मेमरी, तापमान आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख दिसेल असे करा, आणि जीटीए ५ मधील अंगभूत बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवा. पहिली फेरी मोजू नका, कारण तिच्यात डिस्कवरून माल उचलण्याचा वेळ मिसळलेला असतो. जीपीयूचा वापर ९७ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण राबते आहे. तो ६० वर रेंगाळत असेल आणि रिझोल्यूशन ७२०पी करूनही एफपीएस वाढत नसेल, तर अडचण प्रोसेसर किंवा रॅमची आहे. टेक्स्चर एक पायरी खाली आणताच आलेखातील उंच काटे नाहीसे झाले, तर कार्डाची मेमरी कमी पडत होती असे समजा.

रॅमची शक्यता तुमच्या बाबतीत मोठी आहे. ८ जीबीची दुसरी पट्टी घालून ड्युअल चॅनेल (एकाच वेळी दोन वाटांनी डेटा) केल्यास '१ टक्का लो' बहुधा सुधारेल. तुमचा प्रोसेसर या बोर्डावर २६६६ मेगाहर्ट्‌झच्या वर रॅम चालवत नाही, तेव्हा ३२०० च्या पट्टीसाठी जास्त पैसे मोजू नका.

तापमानाचा मुद्दा चाचण्यांत जवळजवळ कधीच येत नाही. परीक्षकाच्या एसी खोलीत २२ अंश असताना कार्ड ६८ वर थांबले, तर मे महिन्यात आपल्या ४२ अंशांच्या खोलीत ते ८८ च्या आसपास जाऊ पाहील. मग पंखे किंचाळतील आणि घड्याळगती (चिपचा काम करण्याचा वेग) खाली येईल. त्यामुळे एक पंख्याच्या आखूड मॉडेलापेक्षा दोन पंख्यांचे मॉडेल थोडे महाग असले तरी घ्या, आणि कॅबिनेटला पुढून एक पंखा बसवा. वाऱ्यासाठी कॅबिनेट कूलरसमोर ठेवण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडा, कारण ओलसर हवा आणि पाण्यातले क्षार दोन्ही बोर्डावर बसतात. तुमच्याकडे भाव वाढेपर्यंत कापूस घरातच साठवत असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी लागेल: कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकून नमद्यासारखा थर बनतो आणि तो वरून दिसत नाही. दर महिन्याला मऊ ब्रश फिरवा, आणि त्या वेळी पंखे बोटाने धरून ठेवा.

नाशिकचे ६६०० पाहायला जाणार असाल तर विक्रेत्याकडे मूळ जीएसटी बिल मागा आणि कार्डावरचा अनुक्रमांक खोक्याशी जुळवा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणना करून ते कमावणे) बंद झाल्यावर अशी पुष्कळ कार्डे बाजारात आली. मायनिंगला वापरलेले म्हणून कार्ड बाद ठरत नाही. पंख्याचा खरखराट आणि मेमरीतील चुका मात्र तपासायलाच हव्यात. अर्धा तास फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारे सॉफ्टवेअर) किंवा एखादा जड खेळ चालू द्या, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटतात का पाहा, आणि हॉटस्पॉटचे (चिपच्या सर्वांत गरम जागेचे) तापमान मुख्य तापमानाहून किती वर राहते ते नोंदवा. हा फरक २५-३० अंशांच्या पुढे गेला, तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेले नाही. तेवढ्याच्या मोबदल्यात किंमत कमी करून मागा. चाचणी करू देत नसेल, तर परत या आणि नवे ३०५० घ्या. सप्लायच्या लेबलचा फोटो पाठवलात, तर तो ठेवायचा की बदलायचा ते सांगता येईल.